पूर्वरंगापुरती पारखलेली बैठक

मित्रांनो, ओळखलंत का मला? पाठ उंच, खांद्यांशी पंखांसारखे दोन कान, पायाखाली चाकं. तुमच्या वर्गातल्या बाकाची मी लांबची बहीण. दुकानात मला 'गेमिंग चेअर' म्हणत. आशाबाई मात्र 'आमची बैठक' म्हणतात. आता माझ्या हातांवरचं कापड विरलं आहे, एक चाक कुरकुरतं, पण देवाच्या दयेने पाठ अजून ताठ आहे. ज्यांच्यामुळे ती ताठ राहिली, त्यांची आज आठवण काढायची आहे.

माझी लोखंडी हाडं कुठून आली ते मला ठाऊक नाही. अंग मिळालं ते वाळूजच्या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये. तिथे नजमाबी शिवणयंत्रावर बसायच्या आणि माझ्या प्रत्येक जोडावर दुहेरी शिवण घालायच्या. शेजारची बाई चिडवायची, "क्या नजमाबी, बेटी के दहेज का सी रे क्या?" नजमाबी दोरा तोडत म्हणायच्या, "कोई तो बैठेंगा ना इसपे. उसकू आराम होना." माझ्यावर कोण बसणार हे माहीत नसताना त्या माउलीने त्या माणसाची काळजी वाहिली. मित्रांनो, माझं पहिलं देणं तिचं.

तिथून मी क्रांती चौकाजवळ जब्बारभाईंच्या दुकानात आले. काचेत लाल-काळ्या, दिवे लुकलुकणाऱ्या खुर्च्या मिरवत होत्या. मी राखी रंगाची, साधी कापडी. मला मागे भिंतीशी लावून ठेवलं होतं. एके दिवशी निशा आपल्या आईला, म्हणजे आशाबाईंना घेऊन आली. निशा कॉलेजात होती, कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या स्पर्धा खेळायची आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिची पाठ धरायची. ती थेट लाल खुर्चीकडे धावली.

"आई, बघ ना, दिवेपण लागतात!"

"वर बसल्यावर दिवे दिसणार कुणाला गं?" आशाबाई म्हणाल्या.

जब्बारभाई हसले. "ताई, खरं सांगू? लाल वाली रेक्झिनची हाय. आपल्या हितला मे महिना लई बेकार. पाठ चिकटती, मग पापुद्रे सुटतात. गादी दाबून सोडा, लगेच वर आली पायजे. खालचा पाय लोखंडाचा पायजे. बाकी तुमची पसंद."

आशाबाई लाल खुर्चीत बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मोबाइलवर कीर्तन लाव."

"आई! इथं? दुकानात?"

"इथंच. घडीभर तर दगडावरबी बरं वाटतं. पूर्वरंग होईस्तोवर बसल्याबिगर बैठक कळत नाय."

मित्रांनो, नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग उलगडून सांगतात. उत्तररंगात गोष्ट रंगते, तिला आख्यान म्हणतात. आशाबाई म्हणजे कीर्तनाच्या वेड्या. त्यांनी डोळे मिटले. पण बुवा जेमतेम दुसऱ्या चरणाला आले असतील, तोच आशाबाई लाल खुर्चीत चुळबुळ करू लागल्या. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली.

त्या माझ्यात बसल्या. माझी छोटी उशी त्यांच्या कमरेच्या खळग्यात नेमकी बसली, दोन्ही पाय फरशीला टेकले. थोड्या वेळाने त्यांच्या हातांनी ताल धरला. निशा लाजून दाराबाहेर बघत राहिली. जब्बारभाईंनी चहा मागवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून थांबवलं. पूर्वरंग संपला तेव्हा आशाबाई डोळे पुसत उठल्या.

"हीच."

"अगं, मी गेम खेळणार हाय, कीर्तन नाय ऐकणार!"

"बसायचं दोघींनाबी हाय," आशाबाई म्हणाल्या. विषय संपला.

मग सिडकोतल्या त्यांच्या घरात माझे सोन्याचे दिवस आले. निशा माझ्यात बसून जिंकली, हरली, रडली आणि परीक्षेचा अभ्यासही तिने माझ्याच कुशीत केला. पुढे तिला पुण्यात नोकरी लागली आणि मी गॅलरीत गेले. माझ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडू लागला. चाकांत केस अडकले, कानांवर धूळ बसली. वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू? घरातली कीर्तनं तिथवर ऐकू यायची, त्यावर मी दिवस काढले.

मग आशाबाईंचा मणका सरकला. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसायचं नाही. झालं, देवळातलं कीर्तन सुटलं. पलंगावर पडून त्या मोबाइल कानाशी धरायच्या आणि शेजारच्या लक्ष्मीबाईंना म्हणायच्या, "सगळं ऐकू येतं गं. पण मोबाइलातून बुक्का लागत नाय कपाळाला."

रामनवमीच्या उत्सवात कॉलनीतल्या देवळात कृष्णाबुवांचं कीर्तन ठरलं. निशा सुट्टीवर आली होती. आईचा उतरलेला चेहरा बघून तिने मला गॅलरीतून ओढलं, चाकं साफ केली, स्क्रू आवळले. माझ्या डोक्याशी सोनेरी दोऱ्याने 'गेमिंग' असं भरलेलं होतं, त्यावर स्वच्छ गोधडी टाकली.

"अगं, नारदाच्या गादीसमोर मी उंच बसू व्हय?" आशाबाई घाबरल्या. बुवा जिथे उभे राहून कीर्तन करतात, त्या जागेला नारदाची गादी म्हणतात. तिच्या पाया पडतात.

"कोपऱ्यात बस. खाली करते मी खुर्ची."

मला खडखडत देवळात नेऊन निशाने मंडपाच्या कडेला उभं केलं. आशाबाई लक्ष्मीबाईंचा हात धरून मागून हळूहळू येत होत्या, त्यांना आणायला निशा परत गेली. तेवढ्यात उत्सवाची सगळी धावपळ अंगावर घेतलेले सांडूभाऊ तिथे आले. उंच पाठ, वर गोधडी!

"अरे वा! बुवांचं आसन आलं वाटतं!" म्हणत त्यांनी मला उचलून थेट गादीशेजारी नेलं, झेंडूचा हार घातला आणि समोर उदबत्ती लावली.

मित्रांनो, माझी छाती अशी फुगली! पण तेवढ्यात मंडपाच्या दारात आशाबाई दिसल्या आणि माझा सगळा अभिमान गळून पडला. त्या पोचेपर्यंत कीर्तन सुरू झालं होतं. मला आणायला निशा पुढे निघाली, तसं त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"कीर्तनात मधून जायचं नसतं. आन् हार घातलेलं आसन मागू व्हय मी?"

त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. बुवा रंगात आले होते, टाळ्या पडत होत्या आणि मला तेवढ्या आशाबाई दिसत होत्या, कंबर धरून एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. एवढ्या दिवसांनी मिळालेलं कीर्तन अर्ध्यात सुटणार होतं. पूर्वरंग संपता संपता त्या लेकीला म्हणाल्या, "चल घरी. आख्यान नाय माझ्या नशिबात."

मध्यंतर झालं. बुवांना हार घातला, बुक्का लावला. सांडूभाऊ हात जोडून म्हणाले, "बुवा, टेका जरा." आणि आसन पुढे सरकवायला गेले, तशी गोधडी सरकली.

बुवांनी सोनेरी अक्षरं वाचली. "गे-मिंग? सांडूभाऊ, हा कोणता संप्रदाय?"

मंडप हसला. मागून निशा ओरडली, "बुवा, ती आमची हाय! माझ्या आईच्या पाठीसाठी आणली. तिला खाली बसता येत नाय."

सांडूभाऊंनी जीभ चावली. "आशाबाई, बोलायचं ना मग! मला वाटलं..."

"राहू द्या, भाऊ," आशाबाई दोन्ही हात जोडून म्हणाल्या. "हार घातलेल्या जागेवर मी कशी बसू?"

बुवांनी माझ्या गळ्यातला हार काढून देवापुढे ठेवला. मग म्हणाले, "आशाबाई, या गादीवर आम्हाला उभंच राहावं लागतं. कीर्तनात बसायचा मान ऐकणाऱ्याचा. तुम्ही बसल्याबिगर मी आख्यान काढत नाही."

निशाने मला आईजवळ आणलं, माझ्यावर गुडघा दाबला आणि दांडी ओढली. मी 'फुस्स' करून खाली गेले, तशी पोरं पुन्हा हसली. आशाबाई बसल्या. माझी उशी त्यांच्या कमरेच्या खळग्यात गेली, जशी पहिल्या दिवशी गेली होती. बुवांनी तिथवर येऊन त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि बापाच्या मांडीवर जागा न मिळालेल्या लहानग्या राजपुत्राचं आख्यान सुरू केलं. आशाबाई रडत होत्या, हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. एकदाही चुळबुळल्या नाहीत. दुकानात पूर्वरंगापुरतं पारखलेल्या मला, देवाने उत्तररंग असा दाखवला.

मित्रांनो, खुर्ची घ्याल तेव्हा दिव्यांना भुलू नका. तिच्यात निवांत बसून बघा. घरी आणल्यावर धूळ पुसा, स्क्रू आवळा, तिच्यावर कपड्यांचा ढीग नका टाकू. आणि घरातलं कुणी बसता येत नाही म्हणून मागे राहत असेल, तर त्याची बैठक त्याच्यापर्यंत ढकलत न्या. चाकं त्यासाठीच असतात.

त्या दिवशी आशाबाईंनी टाळी देता देता मान वळवली आणि त्यांच्या कपाळाचा बुक्का माझ्या कानाला लागला. निशा सुट्टीवर आली की मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसते. तो काळा डाग आला की मात्र आशाबाई तिचा हात धरतात.

"तेवढं राहू दे गं."

आणि निशा तेवढं राहू देते.