बेंबी बसवणारी गजराबाई

“चार महिने कुणाला दाखवलं?” सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गजराबाईंनी मान खाली घातली. मुरूम गावात कुणाची बेंबी सरकली की लोक त्यांच्याच दारात यायचे. उपाशीपोटी उताणं निजवायचं, बेंबीचा ठोका कुठं सरकलाय ते बोटांनी चाचपायचं आणि तेलाच्या हातानं पोट चोळून बेंबी जागेवर आणायची, ही विद्या त्यांना सासूनं दिली होती. नवऱ्याचं, शंभुलिंगांचं, पोटही त्यांनी चार महिने असंच चोळलं. तासभर बरं वाटायचं, म्हणून पुन्हा चोळायच्या. आत स्वादुपिंडात गाठ वाढत होती.

“कुणालाच न्हाय,” शंभुलिंग म्हणाले. “ही लई मागं लागली व्हती दवाखान्यात चला म्हून. म्याच आलो न्हाय.”

इतकं धडधडीत खोटं ते आयुष्यात बोलले नसतील. गजराबाईंना तिथंच रडू फुटलं.

गाठ काढता येण्याजोगी राहिली नव्हती. “वेदना मात्र थांबवता येतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पोटामागं नसांचं जाळं आहे. नसांच्या टोकांतून रसायनं सुटतात, तीच दुखण्याचा निरोप पुढं देतात. पाठीतून इंजेक्शन देऊन ते जाळंच निकामी करू.”

“मग माझ्या हातानं काय व्हत व्हतं?”

“चोळल्यानं तो निरोप घटकाभर दबतो, आजी. गाठ तशीच राहते.”

इंजेक्शन लागू पडलं. शंभुलिंग कितीतरी दिवसांनी पाय लांब करून झोपले. गजराबाईंनी मात्र हात आखडला. शेजारची शिवलीला पोट धरून आली, तिलाही त्यांनी दारातूनच दवाखान्यात पाठवलं. स्वतःच्या हातांची त्यांना किळस आली होती.

शंभुलिंगांनी बाजेवरून हे पाहिलं.

“गजरा, माजं पोट दुखायलंय. बसव की.”

“आता कसं दुखंल? नसा मारल्यात न्हवं तुमच्या?”

“दुखतंय म्हन्तोय ना. ये.”

हेही खोटंच होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. गजराबाईंनी तेल कोमट केलं. बोटांना गाठ लागली तशी त्या थबकल्या. शंभुलिंगांनी त्यांचा हात धरून तिथंच ठेवला.

“बरं वाटतंय?”

“लई.”

मग रोज सकाळी ते बोलवायचे आणि त्या जायच्या.

तेविसाव्या दिवशी त्यांनी बोलावलं नाही. गजराबाई आपणहून तेल घेऊन गेल्या. बेंबीखाली ठोका लागतो तिथं बोटं टेकली. लागेना. जरा डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले आणि तेल गार व्हायच्या आत पोट चोळायला बसल्या.