पहिलटकरीण

सोमवारी सुनेची तपासणी असली की तुंगाबाई लवकर उठून डबा करायच्या. त्या दिवशी तांदळाची अक्की रोटी आणि चटणी होती. बंगळुरात चामराजपेटेतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. मुलगा अनिलकुमार मशीनवरून उठत नसे, त्यामुळे नयनाबरोबर दवाखान्यात त्याच जायच्या. रिक्षावाल्याला "स्वल्प निधान, अण्णा", जरा हळू, असं बजावून त्यांनी सुनेचा हात धरला. बाई दुष्ट नव्हत्या. नयनाला दूध देताना वरची साय त्या आठवणीनं तिच्याच पेल्यात घालत. एका गोष्टीचा उच्चार मात्र त्या घरात कोणी करत नसे.

दोन वर्षांपूर्वी नयनाला असेच दिवस गेले होते. सातव्या महिन्यात डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि शेगडीपाशीच तिला फिट आली. शुद्धीवर आली तेव्हा ती शहरातल्या एका दवाखान्यात होती आणि पोट रिकामं होतं. "गेलं ते. आता विसर," तुंगाबाई म्हणाल्या. बाळ तिला कोणी दाखवलं नाही. धाकटी नणंद शिल्पाश्री लग्नाची होती. घरात फिट आली, मेलेलं मूल जन्मलं, हे चारचौघांत गेलं तर मुलीला कोण करून घेणार? सून काही रक्ताची नव्हे, हे बोलणारे पाहत नाहीत. माहेरीसुद्धा 'गर्भ टिकला नाही' एवढंच कळवलं गेलं. घराची अब्रू राखायची म्हणजे घरातल्या बाईचं दुःख झालंच नाही असं धरून चालायचं, ही आपली जुनी रीत. ती चामराजपेटेतच आहे असं नाही.

या वेळी तुंगाबाईंनी मुद्दाम दुसरा दवाखाना धरला. तिथे सगळं कॉम्प्युटरवर होतं. पहिल्या दिवशी नर्सनं टॅबवर बोट ठेवून विचारलं, कितवी खेप? तुंगाबाईंनी परस्पर सांगितलं, पहिलीच. नर्सनं मान वर न करता तसं टिपून घेतलं. तेव्हापासून पडदा जे दाखवी तेच सगळे खरं मानत. बाळ हललं की पोटात कसं वाटतं, हे नर्सबाया तिला कौतुकानं समजावून सांगत. नयना मान हलवी. आपण एकदा आई झालो होतो, हे आपल्याशिवाय या जगात कोणाला ठाऊक नाही, असं तिला वाटे आणि घरी आल्यावर ती बराच वेळ मोरीत नळ सोडून बसे.

त्या सोमवारच्या आधीच तिचं डोकं पुन्हा ठणकू लागलं होतं. तिनं सासूला सांगितलं, तर उष्णता म्हणून धन्याजिऱ्याचं पाणी मिळालं. दवाखान्यात नर्सनं रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला आणि घाईनं तिला आत पाठवलं. डॉक्टर उल्का पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरात आलेल्या. मराठी नाव दिसलं की त्या मराठीतच बोलत. पडद्यावर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "पहिलंच बाळ ना? आधी कधी बीपी, फिट, असं काही?"

"नाही हो. स्वल्प उष्णता आहे, बस," तुंगाबाई म्हणाल्या.

"ही दुसरी खेप आहे," नयना म्हणाली. आवाज इतका खोल गेला होता की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. "पहिल्या वेळी सातव्या महिन्यात फिट आली. बाळ मेलेलं जन्मलं."

डोकेदुखीनं पोरगी बरळतेय, असं तुंगाबाई सांगू लागल्या. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. त्या उठल्या, पण दारातच थबकल्या.

डॉक्टर एकेक विचारत नोंदवत गेल्या. हे आधी कळलं असतं तर सुरुवातीपासून एक लहानशी गोळी देता आली असती, निदान लक्ष तरी ठेवलं असतं, असं त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

नयना म्हणाली, "माहीत नाही. मला दाखवलं नाही."

डॉक्टरांची बोटं थांबली.

"मुलगी होती," दारातून तुंगाबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी नयनाला दवाखान्यात ठेवून घेतलं. संध्याकाळी अनिलकुमार आला. अम्मा रडतेय, शिल्पाचं आता कसं होणार, असं म्हणत खाटेजवळ उभा राहिला. नयनानं एवढंच विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं तिला?"

तो खाली बघत म्हणाला, "नाही. अम्मानं एकटीनंच."

पुढचे काही आठवडे औषधांवर निभावले. मुलगी लवकर जन्मली, काचेच्या पेटीत राहिली, पण जगली. तेवढ्या काळात डॉक्टर उल्कांनी आपल्या विभागात एक शिस्त लावली: पहिली नोंद बाईकडून घ्यायची, ती एकटी असताना, दार लावून. रांग वाढते म्हणून वरिष्ठ कुरकुरले. डॉक्टर हटल्या नाहीत, कारण त्या बंद दाराआड कितीतरी पहिलटकरणींना आधीची बाळं आठवू लागली होती.

नयना बाळाला घेऊन घरी आली तोवर बातमी बाहेर फुटून शिल्पाश्रीची ठरत आलेली सोयरीक मोडली होती. त्यावरून नयनाला कोणी बोललं नाही. दुसरंही काही बोललं नाही. ताट वाढलं जाई, मशीन चालू राही, आणि ती आतल्या खोलीत बाळाला घेऊन एकटी बसून राही.

तुंगाबाई मात्र रोज न चुकता नातीला न्हाऊ घालायला येत. मुकाट्यानं तेल लावत, पाणी घालत, निघून जात. एका दुपारी बाळाचं डोकं पुसता पुसता त्यांचा हात मंदावला.

"हिला कमीच आहेत," त्या म्हणाल्या. "तिला केस फार होते. मानेपर्यंत आलेले."

नयना दुपटं घडी करत होती. ते तसंच टाकून ती सासूच्या शेजारी ओल्या जमिनीवर येऊन बसली.

"अत्ते," ती म्हणाली, "आणखी सांगा."