शुक्रवारी बदललेल्या किल्ल्या

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आजवर बसलेला नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही. फक्त त्या दिवशी, डहाणू स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर, अडलं होतं. आमच्या पतपेढीचा नवा साहेब ललित हा कैनाड गावच्या शाखेतली मशिनं सांभाळायला माणूस शोधत होता. घरी बसून बायकोची, मनोरमेची, बोलणी खाण्यापेक्षा ती मशिनांची खोली बरी, म्हणून मी गोष्ट सुरू केली.

“ललितभाई, तुमच्या आधीचा तो शैलेश. मुंबईचा. बूट असे चकचकीत, की चिखल्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत पाय टाकायला घाबरायचा. म्हणे, उद्या क्वांटम संगणक येणार, आजची सगळी कुलपं फोडणार. म्हणून चोर आपल्या पेढीचे कुलूपबंद निरोप आजच साठवून ठेवतायत, उद्या उघडायला. मी म्हटलं, साहेब, हे आम्हाला शिकवता? आम्ही चिकू कच्चाच तोडतो आणि घरात पिकवतो. चोर आमच्याकडेच शिकले असतील!”

ललित हसला. कैनाडहून भाजी विकायला आलेली सुकी बाजूला चहा पीत होती, तीही हसली.

“तर हा शहाणा सगळ्या शाखांना नव्या किल्ल्या, म्हणजे मशिनांचे गुप्त आकडे, वाटायला बसला. क्वांटमच्या बापालाही न सापडणाऱ्या. मशिनं एकमेकांना ओळखतात ती या किल्लीवरून. नवी सगळ्यांना पोचल्याशिवाय जुनी मोडू नये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ह्याने मुहूर्त काढला शुक्रवारचा! आपल्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद. हा बसलेला डहाणूच्या ऑफिसात, इन्व्हर्टरच्या गारव्यात. ह्याला काय पत्ता? तिकडे तलासरी शाखेचं मशीन लाइटवाचून ठार झोपलेलं. ह्याने खुशाल जुनी किल्ली मोडली. संध्याकाळी तलासरी जागी झाली ती जुनीच किल्ली घेऊन. तिला कोणी दारात उभं करेना. शैलेश रडायला लागला, डिग्रीसकट!”

“मग पुढे?” ललितचा चहा निवला होता.

“मग काय? हा शेण खाणार, हे मला सकाळीच कळलं होतं. मी दुपारपासून कैनाडच्या खोलीत ठाण मांडून. डोक्यावर पंखा गरगर, समोर मशीन घुंईघुंई. साहेबाच्या नाकावर टिच्चून तिथे जुनी किल्ली जिवंत ठेवलेली. तलासरीने संध्याकाळी टकटक केली, मी आत घेतलं, नवी किल्ली दिली. पेढी वाचली. शैलेशने मात्र पाठ थोपटून घेतली स्वतःची.”

ललितने हात पुढे केला. “काका, सोमवारपासून या.”

सुकीने ग्लास आपटला.

“ओ काका, शुक्रवारी लाइट नसते हे आत्ताच तुम्ही बोललात ना? मग कैनाडला कुठून आली? मी तिथेच राहते. पंखा काय तोंडाच्या वाऱ्यावर फिरवलात? साहेब, हा माणूस खोटं बोलतोय!”