पलटणीचा एकुलता एक हुतात्मा

अमेरिकेच्या यादवी युद्धात पेनसिल्व्हेनियातल्या त्या स्वयंसेवक पलटणीने जे काही गाजवलं, ते हात वर करून गाजवलं. कर्नलसुद्धा मतांनी ठरला. गिरणीवाल्या लिअँडर प्रुइटने सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, पिंप फोडलं आणि निवडून आला. पुढे राज्याच्या हद्दीवरच्या ओढ्यापाशी पलटण थांबली, तेव्हाही मतं घेतली. आपण आपल्या राज्याच्या रक्षणाला निघालो, पलीकडचं मेरिलंड त्यांचं त्यांनी बघावं, असं ठरलं. पलीकडे तोफा धडधडत होत्या, अलीकडे पलटण मक्याची कणसं भाजत होती. मग सगळे धडधाकट घरी आले.

ड्रुसिलाचा नवरा जोथम तेवढा आला नाही. मतं घेण्याआधीच कर्नलच्या सामानाची गाडी ओढा ओलांडून गेली होती. तिच्यातली पिसांची गादी आणायला जोथमला धाडलं. परतताना पाणी चढलं आणि पाठीवरच्या भिजक्या गादीने त्याला तळाशी नेलं.

आता वीस वर्षांनी पलटणीचा इतिहास लिहून झाला होता. स्मारकाचा दगडही घडवून तयार होता. तो जोथमच्या थडग्यावर उभारायचा, कारण पलटणीकडे दुसरं थडगंच नव्हतं. थडगं होतं ड्रुसिलाच्या शेतात. म्हणून तिला इतिहास ऐकायला चर्चच्या खोलीत बोलावलं, आणि येताना सफरचंदाचा केक आणायला सांगितलं.

कर्नल वाचत होता, "शत्रूच्या गोळीबारात, झेंडा छातीशी कवटाळून..."

"गादी होती ती," ड्रुसिला म्हणाली.

सगळे आपापले बूट न्याहाळू लागले.

"ड्रुसिलाबाई, इतिहास आहे हा. त्यात गादी बरी दिसत नाही."

"त्याच्या पाठीवर तरी कुठे बरी दिसत होती?"

जोथमच्याच तंबूत राहिलेला ओबेड समजुतीने म्हणाला, "वहिनी, आमची नातवंडं वाचतील हो. त्यांना अभिमान नको वाटायला?"

"मग त्यांच्या आजोबांनी मरायचं होतं, ओबेडभाऊ."

जोथमला पोहता येत नव्हतं. पाण्याची त्याला इतकी धास्ती, की घोड्याला पाणी पाजायलाही तो काठावरूनच दोर सोडायचा. हे ओबेडला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तरी तो उतरला. त्या अख्ख्या पलटणीत पराक्रम म्हणावा असा तेवढाच झाला, आणि नेमका तोच ही मंडळी पुसायला बसली होती.

"मतं घेऊ," कर्नल म्हणाला. "जोथम गोळीने गेला, असं ज्यांचं मत असेल त्यांनी..."

हात वर झाले. ओबेडचा हात आधी कानापर्यंत गेला, तिथे जरा खाजवून मग वर गेला.

ड्रुसिला उठली. "गोळीने गेला तो जोथम तुमचा. त्याला कुठे पुरलाय ते तुम्ही शोधा. माझा बुडून गेला, तो माझ्या शेतात आहे. तिथं तुमचा दगड येणार नाही."

"अहो, पण दगड घडवून झालाय!"

"तुमचा दगड, तुम्ही बघा."

तिने केक उचलला आणि घरी निघून गेली.

दगड अजून गिरणीच्या आवारात आडवा पडलाय. दळणाला आलेले लोक त्यावर पोती टेकवतात. नावाची जागा कोरी आहे. पलटणीला दुसरा मेलेला काही सापडला नाही.