टाकीतली वस्ती

माझ्या नवऱ्याला कामावर सगळे 'चकाचक' म्हणतात आणि हा वेडा ते कौतुक समजतो. शहराचं सांडपाणी जिथे शुद्ध होतं त्या केंद्रावर तो यंत्रं सांभाळतो, मी तिथल्याच छोट्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. अख्ख्या गावाची घाण आमच्या दारात येते आणि हा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत नळाच्या तोट्या टूथपेस्टने घासत बसतो.

एका गोष्टीवरून आमचं कधीच पटलं नाही. त्याच्या मते पाणी स्वच्छ करतात ते त्याचे ब्लोअर. तळातून हवा सोडली, पाणी घुसळलं, झालं काम. मी म्हणायची, अरे, ती हवा सोडतोस कुणासाठी? टाकीतला तो तपकिरी गाळ जिवंत आहे. त्यातले जिवाणू घाण खातात, त्यांना श्वास घ्यावा लागतो, म्हणून तुझे ब्लोअर. त्यावर तो म्हणायचा, "हो गं बाई, तुझी पिल्लावळ." सूक्ष्मदर्शकाला मात्र त्याने कधी डोळा लावला नाही.

वरून पाहणीला लोक येणार असं कळलं आणि त्याने केंद्र डोक्यावर घेतलं. कठडे रंगवले, कोठी आवरली. कोठीत ब्लीचिंग पावडरची जुनी पोती निघाली. फेकून कशाला द्यायची, म्हणून पठ्ठ्याने सगळी पोती पाण्यात कालवली आणि घाण पाणी येतं ती नाली पांढरीशुभ्र होईपर्यंत घासली. ती नाली थेट टाकीत जाते. मी त्या दिवशी रजा घेऊन धाकट्या बहिणीकडे गेले होते, नाहीतर झाडूसकट ओढून आणलं असतं त्याला.

बहीण नदीच्या खालच्या अंगाला राहते. नोकरी सोडून तिने माशांची पिल्लं वाढवायला घेतली आहेत. पहिलीच खेप होती. तिच्या हौदात जिऱ्याएवढी पिल्लं सळसळत होती आणि ती मला एकेक हौद असा दाखवत होती, जणू बारसंच आहे. हौदांत पाणी नदीचंच, आणि कोरड्या दिवसांत त्या नदीला पाणी असतं ते बहुतेक आमच्याच केंद्रातून सोडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीतला थेंब काचपट्टीवर घेतला. एरवी त्या थेंबात बाजार भरलेला असतो. कुणी पळतंय, कुणी रांगतंय, कुणी कुणाला गिळतंय. त्या दिवशी काहीच हललं नाही. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. तेच.

"नालीत काय ओतलंस?" मी त्याला जिन्यातच गाठलं.

"काही नाही. ब्लीचिंग पावडर. घाण मरते त्याने."

"घाण नाही मेली. घाण खाणारे मेले. सगळेच्या सगळे."

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

मी त्याला तिथेच उभं करून सांगितलं. टाकी मेली म्हणजे आता पाणी जसं येतं तसं नदीत जाणार. मग नदीतले जिवाणू त्या घाणीवर तुटून पडणार, भराभर वाढणार आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवणार. मासे घाणीने मरत नाहीत रे, गुदमरून मरतात. माझ्या बहिणीची जिऱ्याएवढी पिल्लं पहिल्या तासात जातील. हे शेवटचं वाक्य मी जरा जोरातच बोलले.

केंद्राच्या साहेबांनी सांडपाणी राखीव तळ्याकडे वळवलं. तळं काठोकाठ भरलं की नदीकडची झडप उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बहिणीने नदीचं पाणी घेणं बंद केलं होतं, पण नव्या पाण्याशिवाय तिचे हौद तरी किती तग धरणार? फोनवर ती म्हणाली, "ताई, किती दिवस थांबू ते सांग." मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

शेजारच्या गावच्या केंद्राने टँकर भरून आपला जिवंत गाळ दिला. दुधाला विरजण लावावं तसा तो आमच्या टाकीत घातला. नळी नवऱ्याने स्वतः धरली होती. बाह्या कोपरापर्यंत बरबटल्या, तरी त्याने एकदाही खाली पाहिलं नाही.

त्यानंतर तो रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहायचा. "दिसतंय काही?" माझा राग नाकाच्या शेंड्यावर होता. एक दिवस खुर्ची सरकवली आणि म्हटलं, "बघ की स्वतः."

तो वाकला तो वाकूनच राहिला. आधी नुसतं धुकं दिसत होतं, जिवाणूंचं. पुढे त्या धुक्यात सुळकन पळणारे बारके जीव आले, जिवाणू मटकावत. त्यांच्या मागून त्यांना खाणारे आले. मग गाळाचे पुंजके जमायला लागले आणि त्या पुंजक्यांवर रांगणारे आले. आधीच्यांनी जागा करून दिल्याशिवाय पुढचा येत नव्हता.

"ह्यांना बोलावतं कोण?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. खायला तयार झालं की वाढतात."

"आणि तोवर होते कुठे?"

"काही त्या गाळातूनच आले, मूठभर. काही कवचात झोपून असतात, बरे दिवस येईपर्यंत."

त्याने पुन्हा डोळा लावला. इतकी वर्षं मी हे जीव पाहते आहे, पण भरलेली वस्तीच पाहत आले होते. ओसाड पडलेल्या पाण्यात ती घर घर करून उभी राहताना मीसुद्धा पहिल्यांदाच पाहत होते. नवऱ्यावरचा राग कधी उतरला ते कळलंच नाही.

आणि तळं भरलं. साहेबांनी सांगितलं, दुपारी झडप उघडावी लागेल. टाकी कामाला लागली असेल तरच तळ्यातलं पाणी परत तिच्यात घेता येईल. मी सकाळपासून घंटीवाले, म्हणजे घंटेच्या आकाराचे बारके जीव, शोधत होते. ते देठावर उभे राहतात, पाण्यातले मोकळे जिवाणू वेचून खातात, आणि तेव्हा कुठे पाणी नितळ होतं. एका थेंबात नाही, दुसऱ्यात नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सरक," तो म्हणाला आणि त्याने डोळा लावला. काचपट्टी केसभर सरकवली, पुन्हा केसभर. मग अगदी हळू आवाजात, जणू कुणी उठेल, तो म्हणाला, "हे देठावरचे कोण? फुलांसारखे... आत्ता एक दचकला. देठ स्प्रिंगसारखा आवळून घेतला. आता परत उघडतोय."

मी त्याला ढकललंच. एका पुंजक्यावर घंट्यांचा घोसच्या घोस उभा होता, सगळ्यांची तोंडं उघडी, सगळ्यांच्या ओठांशी पाण्याचे भोवरे.

टाकीतलं पाणी बरणीत घेऊन ठेवलं. गाळ खाली बसला आणि वर इतकं नितळ पाणी राहिलं की बरणीपलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. बाकीच्या चाचण्याही ठीक आल्या. साहेबांनी तळ्यातलं पाणी थोडं थोडं टाकीत घ्यायला लावलं आणि नदीत सोडलं ते टाकीतून आलेलं, नितळ. बहिणीने नदीचं बादलीभर पाणी घेऊन आधी थोडीच पिल्लं त्यात सोडली. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, पोहतायत," एवढंच म्हणाली. पुढे नुसता हौदात पाणी पडल्याचा आवाज येत राहिला.

फोन ठेवला तेव्हा नवरा सूक्ष्मदर्शकापाशीच होता, नवा थेंब लावून. मी त्याच्या पुढ्यातली काचपट्टी उचलली आणि बेसिनकडे निघाले. त्याने माझं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"धुतेय. स्पिरिटने पुसून ठेवायची असते."

"पण ते आहेत ना त्याच्यावर."

मी त्याच्याकडे पाहिलं. टाकीत लाखो लिटर पाणी, त्यातला हा एक थेंब. चिडवायला इतकी चांगली संधी मला उभ्या संसारात मिळाली नव्हती, पण मी ती सोडून दिली. त्याने काचपट्टी दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि एकेक पाऊल जपून टाकत तो टाकीकडे निघाला.

"दार उघड लवकर," तो म्हणाला. "थेंब सुकतोय."

मी धावत पुढे गेले आणि दार उघडून धरलं.