चढताना चालू, उतरताना बंद

“काका, हिला आधी सावलीतून बाहेर काढा. नाहीतर एसी नुसता बघायला होईल,” एसीवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला.

‘हिला’ म्हणजे बसला. फ्यूजमास्तरांनी बसकडे पाहिलं, मग वरच्या डेरेदार झाडाकडे पाहिलं. या झाडाच्या भरवशावर तर सहा वर्षांपूर्वी त्यांनी बस इथे आणून उभी केली होती. आता एसीला वीज हवी, तर टपावर सोलर पॅनेल हवीत. पॅनेलना ऊन हवं. आणि उन्हात नेली की बस तापणार, म्हणून एसी हवा!

“म्हणजे एसीसाठी उन्हात जायचं आणि ऊन लागतं म्हणून एसी लावायचा,” मास्तर म्हणाले.

“मी तेच म्हणतोय. त्यापेक्षा झाडाखाली पंखा लावून पडा की निवांत!”

“मला कुठे हवाय? लेक येणार आहे. पाच महिन्यांचं बाळ घेऊन.”

एसीवालाही लेकीचा बाप होता. त्याने टेप काढला आणि टपाची लांबी मोजायला शिडी चढला.

फ्यूजमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं बसडेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून काढल्यावर खरं नाव फक्त पगारपत्रकात उरतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी बायको गेली, निवृत्तीनंतर क्वार्टर गेलं, आणि त्याच महिन्यात एक जुनी बस भंगारात निघाली. तिची वायर न् वायर मास्तरांनी स्वतः ओढलेली. इंजिन काढून घेतलेला तो सांगाडा त्यांनी घरी आणला, म्हणजे त्यालाच घर केलं. लोकांनी वेड्यात काढलं. मास्तरांनी मनावर घेतलं नाही. सीटा काढल्या, पलंग टाकला, शेगडी मांडली. ड्रायव्हरची सीट तेवढी ठेवली. संध्याकाळी तिथे बसून समोरच्या काचेतून रस्ता बघायचा, एवढीच त्यांची करमणूक. कुणी येत नसे. खोटं कशाला बोला, लेकसुद्धा या बसमध्ये एकदाही आली नव्हती.

आणि अचानक तिचा फोन आला. “बाबा, आठ दिवस यावं म्हणते. पण बाळाला उकाडा अजिबात सोसत नाही हो, अंगभर पुरळ उठतं. त्या पत्र्यात कशी ठेवू? एसी आहे का तुमच्याकडे?”

“आहे की!” मास्तरांनी ठोकून दिलं.

फोन ठेवल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हातात तीन आठवडे होते.

एका ट्रकवाल्याला गळ घालून त्यांनी बस पन्नास पावलं ओढून घेतली आणि उघड्यावर आणली. टपावर सहा पॅनेल चढली. बाजूच्या सामानाच्या कप्प्यात चार बॅटऱ्या बसल्या, पलंगाखाली इन्व्हर्टर बसला. मागच्या लांब सीटच्या जागी, काचेच्या वर, एसीचं आतलं युनिट लागलं. बाहेरचं युनिट मागच्या बंपरवर लोखंडी घोडीवर बसवलं. मास्तरांनी हिशेब दहादा पडताळला. दिवसभर पॅनेल एसीला पुरून उरतील, दिवस मावळल्यावर बॅटऱ्या चारेक तास ओढतील. बाळ झोपेपर्यंत तेवढं पुष्कळ झालं.

फक्त एका गोष्टीवरून दोघांचं वाजलं. दाराच्या पायरीजवळ बसचा जुना लाल खटका होता. तो बंद केला की बॅटरी सगळ्यापासून तुटते. मास्तरांनी नव्या बॅटऱ्यांची मुख्य केबलही त्याच खटक्यातून नेली.

“हे कशाला मध्ये? सरळ इन्व्हर्टरला जोडा ना,” एसीवाला वैतागला.

“बस आहे म्हटल्यावर खटका हवा.”

“बस कुठे राहिलीय आता?”

मास्तर ऐकेनात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्याकडून एका बसचा खटका बंद करायचा राहिला होता. वायर तापली, अर्धी बस जळाली. आत कुणी नव्हतं हे नशीब. त्या दिवसापासून त्यांच्या हाताला वळणच पडलं. बसमध्ये चढताना चालू, उतरताना बंद. हे वळण घरातही आलं. बायको म्हणायची, “अहो, माणसं खोलीत आहेत अजून, दिवा काय घालवता?” लेक लहानपणी अंधारात ओरडायची, “बाबा, मी आहे इथे!”

एसी पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा एसीवाल्याने टाळ्या वाजवल्या. “काका, स्वेटर काढा!” मास्तरांना हसू आवरेना. पण तो गेल्यावर त्यांनी एसी बंद केला आणि पुढचे चार दिवस स्वतः घामाने निथळत काढले. लेक येईपर्यंत नव्या यंत्राला हात लावायचा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

लेक येण्याच्या दिवशी सकाळी नऊलाच त्यांनी एसी लावला. बारापर्यंत बस अशी गार झाली की स्टीलच्या पेल्यालाही हात लावावासा वाटेना. पलंगावर धुतलेली चादर, तिच्यावर बाळाची दुलई. एसी चालूच ठेवायचा, असं स्वतःला दोनदा मोठ्याने बजावून मास्तर थांब्यावर निघाले.

लेक उतरली. वाळली होती. डोळे मात्र हुबेहूब आईचे. तिने बाळ पुढे केलं आणि मास्तरांनी नातीला पहिल्यांदा हातात घेतलं. दुसऱ्या हातात बॅग घेतली.

“द्या बाबा, बॅग मी घेते.”

“असू दे गं! बाप अजून म्हातारा झाला नाही.”

वाटभर ती बोलत होती. “अजून दिवे घालवत फिरता का हो?”

“आता कुणासमोर घालवू?” मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसली. एवढं हसून त्यांना वर्षं झाली होती.

नातीला छातीशी धरून, बॅग सांभाळत ते पायरी चढले. खांद्याने दार ढकललं. आतून भट्टीसारखी झळ आली.

एसी बंद होता. बाळाने एक क्षण तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला.

“बाबा, एसी आहे म्हणालात ना?”

“आहे गं! आत्ता चालू होता. शपथ!”

लेक बाळाला घेऊन झाडाखाली गेली. तिथेही वारा गरमच होता. मास्तरांनी पलंग सरकवला. इन्व्हर्टरवर एकही दिवा नव्हता. मीटर लावला, काटा हलेना. नव्या इन्व्हर्टरवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. त्यांनी त्याचे स्क्रू काढले, फ्यूज तपासले, पुन्हा लावले. मग रखरखत्या उन्हात आडवं होऊन बॅटऱ्यांचा कप्पा उघडला. बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या. मग घोडं अडलंय कुठे? चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाळाचं रडणं कानात घुमत होतं आणि ते तिथेच पडल्यापडल्या बॅटऱ्यांची टोकं पुन्हा पुन्हा घट्ट करत होते.

पाऊण तासाने लेक जवळ आली. बाळाचे गाल लालबुंद झाले होते.

“बाबा, अडीचची गाडी आहे. नंतर एकदम साडेसातला. मी निघते.”

“दहा मिनिटं थांब. सापडतंय बघ.”

“बाबा, बघा ना तिच्या मानेकडे.” मानेवर पुरळ उठलं होतं. “थंडीत येईन. नक्की.” तिचा आवाज चिडका नव्हता. चिडली असती तर बरं झालं असतं, मास्तरांना वाटलं.

जाताना बॅग तिनेच घेतली. मास्तर थांब्यापर्यंत गेले. गाडीच्या खिडकीतून तिने बाळाचा चिमुकला हात धरून हलवला.

परत येऊन ते पायऱ्या चढले. हात सवयीने खटक्याकडे गेला, आणि खटका हाताखाली कट्‌कन चालू झाला.

एसीने ‘टुक्’ केलं.

मास्तर पायरीवर होते तिथेच खाली बसले. बाराला उतरताना या हाताने खटका पाडला होता. कधी, कसा, त्यांना काही आठवत नव्हतं. एरवी चढताना हाच हात तो उचलतो. पण आज एका हातात नात होती आणि दुसऱ्यात बॅग. हात रिकामा नव्हता.

त्यांनी लेकीला फोन लावला. “लागला गं एसी.”

“बरं झालं बाबा. काय झालं होतं?”

“किरकोळच. झोपली का ती?”

“झोपली. गाडीत वारा लागतोय ना. तुम्ही पडा आता जरा गारव्यात.”

ते पडले नाहीत. अर्ध्या तासात बस सकाळसारखी गार झाली. पलंगावरची दुलई घडी न मोडता तशीच होती. त्यांना तिथे बसवेना. ते उठले, दारापाशी आले. हात पुन्हा खटक्याकडे निघाला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला आणि तसेच, हात हातात धरून, खाली उतरले.

झाडाखाली जुन्या सीटवर ते बसून राहिले. पन्नास पावलांवर बसचा एसी घरघरत होता. आत कुणीच नव्हतं. तरी ऊन उतरेपर्यंत त्यांनी तो चालू ठेवला.