कुठल्या पुस्तकावर

फेब्रोनियाचा भाऊ सिदहोम कालव्यात मेलेला सापडला, त्याला तीन आठवडे झाले होते. त्याचं शेवटचं भांडण झालं ते तिच्या नवऱ्याशी, वानिसशी, पाण्याच्या पाळीवरून. तिचं माहेर सुडाला उठलं, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी तोड काढली: रविवारी चर्चमध्ये वानिसने पवित्र पुस्तकावर हात ठेवून 'मी सिदहोमला मारलं नाही' अशी शपथ घ्यावी, मग विषय संपला. चर्चचे पाद्री अबूना बाखूम कुरकुरले, "अरे, शपथच वाहू नका असं त्याच पुस्तकात आहे!" पण आमच्या इजिप्तमधल्या मिन्याकडच्या गावांत म्हाताऱ्यांपुढे पाद्र्याचं ऐकतो कोण?

चर्च झाडायचं आणि तिथली दोन बायबलं मांडायची, हे काम फेब्रोनियाकडे होतं. शनिवारी दुपारी भाकरी मोडता मोडता वानिसने तिला विचारलं, "उद्या कुठलं पुस्तक ठेवणार गं? जुनं की नवं?"

"नवं. जुन्याची शिवण सुटलीय म्हणाले अबूना."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याने आणखी एक भाकरी घेतली.

तिचा हात भांड्यातच राहिला. नवं पुस्तक शहरातल्या प्रोटेस्टंट पाहुण्यांनी भेट दिलेलं, आत मोजून सहासष्ट ग्रंथ. आम्ही कॉप्ट ख्रिस्ती लोक पिढ्यानपिढ्या वाचत आलो ते काही ग्रंथ त्यात नाहीतच, दाविदाचं एकशे एक्कावन्नावं स्तोत्रही नाही. ते गावात आलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसला होता तो वानिसच. "हे कसलं शास्त्र? नाक कापलेलं! यावर हात ठेवून खोटं बोललं तरी देवाला ऐकू जायचं नाही." तेव्हा तीही खो खो हसली होती. खरं बोलणाऱ्याला पुस्तकाची चौकशी कशाला हवी?

रविवारी ती सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये गेली. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची. नव्याचं मखमली वेष्टन काढून तिने जुन्यावर चढवलं आणि नवं शालीत गुंडाळून घरी आणलं.

वानिसने सगळ्या गावादेखत खणखणीत आवाजात शपथ घेतली. तिच्या थोरल्या काकाने डोळे पुसत त्याला मिठी मारली. घरी येऊन तो मोठ्या खुशीत जेवायला बसला. मसुराच्या आमटीवर त्याने लिंबू पिळलं, तेवढ्यात फेब्रोनियाने शाल सोडली आणि पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

"हे इथे कसं?"

"मीच आणलं सकाळी. तुम्ही हात ठेवलात ते जुनं होतं. आपलं, पुरं."

वानिस हसायला गेला, पण त्याला हसू येईना. त्याने उजवा हात झग्याला पुसला. पुन्हा पुसला. मग पुसतच राहिला.

"खरं बोललात ना?" तिने विचारलं. "मग हात का पुसताय?"

तो उठून दारापाशी गेला आणि त्याने आतून कडी लावली.